संतांची घरे उभी करणारे साहेबमामा

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहिण्याचे काम यंदा माझ्याकडे आले. मी सातवीपर्यंत शिकलेली साधी गृहिणी. राजेमहाराजे आणि पुढारी यांच्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. म्हणून मी असा माणूस निवडला की ज्याचे नाव आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल, पण ज्याने उभे केलेले घर आपण बहुतेक सर्वजणींनी पाहिले आहे. ते घर म्हणजे तुकोबांचे देहूचे घर. ‘संत तुकाराम’ या जुन्या बोलपटातले. तीच ती जिजाई, तिची म्हैस, तिची कच्चीबच्ची आणि टाळ घेऊन विठ्ठलात रंगलेले तुकोबा.

आमच्या घरी दर आषाढीला सासूबाई तो सिनेमा लावायला लावतात. पूर्वी टीव्हीवर कधी लागला तर दिसे, आता मोबाइलवर केव्हाही पाहता येतो. सासूबाईंची पक्की समजूत होती की हा सिनेमा देहूला, तुकोबांच्या खऱ्या घरातच घेतला आहे. ते घर पुण्यात, प्रभात कंपनीच्या स्टुडिओत, कारागिरांनी उभे केलेले होते हे मी सांगितले तेव्हा त्यांना ते पटेना. ते घर उभे करणारे कलावंत म्हणजे शेख फत्तेलाल. त्यांना सारे प्रेमाने साहेबमामा म्हणत. नव्वद वर्षे होत आली तरी एका वारकरी बाईला ते घर खरे वाटते, यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र ते कोणते?

साहेबमामांचा जन्म १८९७ च्या सुमारास कोल्हापूरजवळच्या कागल येथे झाला. त्या काळी कोल्हापूर म्हणजे कलावंतांचे माहेरघर. शाहू महाराजांच्या आश्रयाने तेथे गवई, पहिलवान, चित्रकार, नाटकवाले सारे नांदत होते. आनंदराव आणि बाबुराव मेस्त्री हे दोघे भाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत. पुढे लोक त्यांना पेंटर म्हणूनच ओळखू लागले. राजवाडा, अरण्य, देऊळ, रस्ता, जे हवे ते कापडावर रंगवायचे आणि नटाच्या मागे सोडायचे, अशी त्या वेळची रीत होती. साहेबमामा या मेस्त्री बंधूंच्या हाताखाली काम शिकले. चित्र काढणे, रंग घोटणे, लाकूड तासणे, यंत्र खोलून पुन्हा जोडणे, सगळे हाताने.

तेथेच त्यांची गाठ विष्णुपंत दामले यांच्याशी पडली. दामले मूळचे कोकणातल्या पेणचे, वयाने साहेबमामांपेक्षा चार-पाच वर्षांनी वडील. एक ब्राह्मण, एक मुसलमान. पण दोघांची अशी जोडी जमली की मरेपर्यंत सुटली नाही. पुढे सगळी कंपनी एकाला दामलेमामा आणि दुसऱ्याला साहेबमामा म्हणू लागली. घरात जसे दोन मामा असावेत, तसे.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली निघाला आणि मेस्त्री बंधूंना सिनेमाचा ध्यास लागला. पण कॅमेरा आणायचा कोठून? पैसा नाही, माहिती देणारे कोणी नाही. तेव्हा त्यांनी तो आपणच बनवायचे ठरविले. आनंदराव १९१६ साली गेले. बाबुरावांनी काम सोडले नाही. दामले आणि साहेबमामा यांच्या मदतीने त्यांनी कोल्हापुरातच सिनेमाचा कॅमेरा तयार केला. कधी घरातली शिलाई मशीन बिघडली आणि ती आपणच उघडून दुरुस्त केली तर आपल्याला केवढा आनंद होतो! मग त्या तरुण कारागिरांना काय वाटले असेल याची कल्पना करावी.

बाबुरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. तिचा पहिला मूकपट ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्यात लागला. लोकमान्य टिळकांनी तो पाहून बाबुरावांचे कौतुक केले. या कंपनीत एक मोठी गोष्ट घडली, ती आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. बाबुराव जन्मभर पडदे रंगवत आले होते, पण सिनेमासाठी त्यांनी रंगवलेल्या पडद्यांवर भागवले नाही. नटांना वावरता येईल अशा भिंती, खांब, दारे त्यांनी उभी केली. पडद्यावर रंगवलेल्या दारातून कोणी आत येऊ शकत नाही. खऱ्या दारातून येता येते, उंबऱ्यावर बसता येते, खांबाला टेकून रडता येते. साहेबमामा या शाळेत तयार झाले. १९२८ साली त्यांनी आणि दामल्यांनी मिळून ‘महारथी कर्ण’ हा मूकपटही दिग्दर्शित केला.

पुढे १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि कोल्हापूरचे सराफ सीताराम कुलकर्णी अशा पाच जणांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू केली. प्रत्येकाने आपापले काम वाटून घेतले. बोलपट आल्यावर आवाज टिपण्याचे खाते दामलेमामांकडे गेले, आणि जे जे डोळ्यांना दिसते ते साहेबमामांकडे. १९३२ साली त्यांचा ‘अयोध्येचा राजा’ निघाला. मराठीतला तो पहिला बोलपट. त्यात दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या होत्या. १९३३ साली कंपनी पुण्याला आली. लॉ कॉलेजच्या रस्त्याला तिने मोठा स्टुडिओ बांधला. डेक्कनकडचा प्रभात रोड आजही त्या कंपनीच्या नावाने ओळखला जातो.

आता कलादिग्दर्शक म्हणजे नक्की काय काम करतो, ते थोडे सांगते. हल्ली सिनेमात आणि टीव्हीच्या मालिकांत त्याला प्रॉडक्शन डिझायनर असेही म्हणतात. गोष्ट हाती आली की ती कोणाच्या घरात घडते, तो माणूस किती कमावतो, त्याच्या घरात कोण कोण राहते, याचा तो आधी विचार करतो. मग कागदावर चित्रे काढतो, नकाशा आखतो. त्यावरून सुतार चौकट उभारतात. फळ्या, बांबू, गोणपाट, कापड, प्लॅस्टर यांतून भिंत तयार होते. ती समोरून दगडाची दिसते आणि मागून नुसत्या वाशांची असते. कॅमेऱ्याला आत यायला एखादी बाजू उघडी ठेवावी लागते, दिव्यांना जागा ठेवावी लागते. त्या वेळची चित्रे काळी-पांढरी. लाल लुगडे आणि हिरवी भिंत त्यात एकाच करड्या रंगाची दिसू शकते. म्हणून डोळ्यांना काय शोभते ते बाजूला ठेवून कॅमेऱ्याला काय दिसेल हे ओळखून रंग निवडायचा. शेवटी घरातल्या वस्तू मांडायच्या. आणि चित्रण संपले की सगळे पाडायचे, कारण त्याच जागेवर दुसरे घर उभे करायचे असते.

आपल्या पाथर्डी तालुक्यातल्या बायकांना हे समजायला जड जाणार नाही. दिवाळी झाली की आपल्याकडची किती बिऱ्हाडे ऊसतोडीला जातात! कारखान्याच्या तळावर उतरले की बांबू, पाचट आणि ताडपत्री यांची कोपी उभी राहते. बाई तीन दगडांची चूल मांडते, कोपऱ्यात देवाचा फोटो ठेवते, लेकराला झोळी बांधते. संध्याकाळपर्यंत उघड्या माळावर घर झालेले असते. चार-सहा महिन्यांनी ते मोडून गावी परतायचे. साहेबमामांचे काम कोठेतरी याच जातीचे. फरक एवढाच की त्यांनी मोडलेली घरे फिल्मवर राहिली आणि आपल्या बायकांनी मांडलेली घरे कोणी टिपली नाहीत.

‘संत तुकाराम’ हा बोलपट १९३६ साली आला. दिग्दर्शन दामलेमामा आणि साहेबमामा या दोघांचे. विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले. त्यांनी पूर्वी नाटकात स्त्रीभूमिका केल्या होत्या. जिजाईचे काम गौरी नावाच्या बाईंनी केले. त्या प्रभात कंपनीतच झाडलोटीसारखी हलकी कामे करणाऱ्या, शाळा न शिकलेल्या. पण त्यांचे काम पाहताना ही बाई सिनेमात काम करते आहे असे वाटतच नाही. ती म्हशीचे करते, पोरांना ओरडते, नवऱ्यावर चिडते, आणि पोर आजारी पडल्यावर वहाण उगारून थेट विठोबाला जाब विचारायला देवळात जाते. देवभोळ्या नवऱ्याचा संसार ओढणाऱ्या बाईचा राग त्या काळच्या पुरुषांनी इतक्या मायेने दाखवला, याचे मला फार नवल वाटते.

मी तो सिनेमा अनेकदा पाहिला. आधी अभंगांसाठी, मग जिजाईसाठी, आणि आता घरासाठी पाहते. तुकोबांची गरिबी कोणाला बोलून दाखवावी लागत नाही. ती घराकडे पाहिले की कळते. पुढे शिवाजी महाराजांकडून दागिने आणि वस्त्रांचा नजराणा येतो. जिजाई आणि मुले ते अंगावर चढवतात आणि त्या साध्या घरात एकदम लखलखाट होतो. तुकोबा तो परत पाठवतात. तो लखलखाट गेल्यावर घर आधीपेक्षाही रिकामे वाटते. घर आधी इतके साधे मांडले नसते तर जिजाईच्या मनात काय तुटले ते आपल्याला कळलेच नसते. सिनेमाच्या शेवटी विमान येऊन तुकोबा वैकुंठाला जातात. जिजाई मागे राहते, आणि तिच्याबरोबर ते घरही.

हा बोलपट मुंबईत एकाच थिएटरात वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ साली इटलीतल्या व्हेनिस शहरी जगभरच्या चित्रपटांचा महोत्सव झाला. तेथे जगातल्या तीन उत्तम चित्रपटांत त्याची गणना झाली. तिकडच्या लोकांना मराठी येत नव्हते, तुकोबा ठाऊक नव्हते. पण घर, चूल आणि लेकरे कोणालाही समजतात.

साहेबमामांनी फक्त संतांचीच घरे उभी केली असे नव्हे. १९३४ च्या ‘अमृतमंथन’मध्ये त्यांनी भव्य देवीचे ठाणे उभारले. १९३७ च्या ‘कुंकू’मध्ये त्यांनी एका म्हाताऱ्या वकिलाचे घर मांडले. त्या म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली नीरा शांता आपटे यांनी साकारली. त्या घरात भिंतीवर एक जुने घड्याळ आहे. ते सिनेमाभर आपल्याला दिसत आणि ऐकू येत राहते. तरुण मुलीचे दिवस त्या घरात कसे वाया जात आहेत, हे त्या लंबकाने सांगून टाकले. भिंतीवर काय टांगायचे याचा विचार किती खोल असू शकतो ते पाहावे. १९३९ च्या ‘माणूस’मध्ये त्यांनी बदनाम वस्तीतली गल्ली उभी केली. १९४१ च्या ‘शेजारी’मध्ये पाटील आणि मिर्झा या हिंदू-मुसलमान मित्रांचे गाव आणि धरण आहे. दोघांत वितुष्ट येते आणि शेवटी धरण फुटताना ते एकमेकांचा हात धरून जातात.

आता आपल्या भागाचे सांगते. नाथषष्ठीला पैठणला जाणाऱ्या दिंड्या आपल्या रस्त्यांवरून जातात आणि आपण त्यांना पिठले-भाकरी घालतो. त्या पैठणच्या एकनाथ महाराजांवर प्रभातने १९३५ साली ‘धर्मात्मा’ काढला. बालगंधर्व त्यात नाथ महाराज झाले होते. नाथ महाराजांचे पैठण पडद्यावर दिसले ते साहेबमामांच्या हातून. पुढे १९४० साली ‘संत ज्ञानेश्वर’ आला, तोही या दोन्ही मामांनी दिग्दर्शित केलेला. ज्ञानेश्वर माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली ती आपल्याच जिल्ह्यातल्या नेवाशाला. तो पैस खांब आपण मंडळाच्या सहलीत पाहून आलो आहोत. या सिनेमात माउली झाले होते शाहू मोडक. ते नगरचे आणि धर्माने ख्रिस्ती. म्हणजे माउलींचा सिनेमा काढणारे दामले आणि शेख, आणि माउली होणारे मोडक. लोकांनी थिएटरात त्यांनाच हात जोडले. १९४१ साली ‘संत सखू’ आला. त्यात सासरी छळ सोसणारी सखू हंसा वाडकर यांनी केली.

मला विचाराल तर या चरित्रातली सर्वांत मोठी गोष्ट येथेच आहे. मुसलमान घरातल्या माणसाने विठोबाचे देऊळ उभे केले, आणि त्यात वारकऱ्यांना काही खटकले नाही. हे नुसत्या पुस्तकांतून साधत नाही. तुळशीवृंदावनाला पणतीची काजळी कोठे लागते, देवघरापुढची जमीन कशी झिजते, भजनाला बसलेल्या माणसांची पादत्राणे कशी पडलेली असतात, हे शेजारात वावरलेल्यालाच कळते. कागल-कोल्हापूरच्या आळीत वाढताना त्यांनी ते पाहिले असणार. आपणही ईदेला शिरखुर्म्याचा डबा घेतो आणि दिवाळीला फराळाचे ताट पाठवतो. एकमेकांच्या स्वयंपाकघरात जाणारी माणसेच एकमेकांची घरे बरोबर ओळखतात. साहेबमामांनी हे कोठे भाषण करून सांगितले नाही. त्यांनी भिंती उभारल्या.

पुढचे दिवस उतरणीचे होते. १९४२ साली शांताराम प्रभात सोडून गेले. ५ जुलै १९४५ रोजी दामलेमामा वारले. तीस वर्षांची जोडी फुटली. ज्यांच्या घरात दोन जावांचा किंवा दोन भावांचा जिव्हाळा असतो, त्यांना एक गेल्यावर दुसऱ्याचे काय होते ते ठाऊक असते. कंपनी काही वर्षे चालली आणि १९५३ साली बंद पडली. साहेबमामांनी त्यानंतर ‘जगद्गुरू शंकराचार्य’ आणि ‘अयोध्यापती’ हे हिंदी चित्रपट दिग्दर्शित केले. पुन्हा देवाधर्माच्याच कथा! १९६४ साली त्यांचे निधन झाले.

प्रभातच्या जागेचे मात्र सोने झाले. १९६० साली तेथे सरकारने सिनेमाचे शिक्षण देणारी संस्था सुरू केली. पुढे टीव्हीचेही शिक्षण तेथेच मिळू लागले. आज तेथे कलादिग्दर्शनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. जे साहेबमामा कोल्हापुरात रंग घोटत शिकले ते आता मुले आणि मुली रीतसर शिकतात. आपल्या तालुक्यातल्या ज्या मुलींना चित्रकलेची आवड आहे, हाताला वळण आहे, त्यांच्या आयांना माझे सांगणे आहे की हा मार्गही आहे हे ध्यानात असू द्या. चित्रे काढून पोट भरत नाही असे म्हणून वही फेकून देऊ नका. रांगोळीचा हात, सुताराचा हात आणि हिशेबाचे डोके यांचे मिळून हे काम होते, आणि आपल्या मुलींत तिन्ही असतात.

गेल्या साली हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात आपण जिजाईचा प्रवेश केला, तेव्हा रंगमंच मांडायचे काम माझ्याकडे होते. दोन जुन्या खाटा उभ्या करून त्यावर गोणपाट टाकले आणि शेणमातीने सारवले. चूल विटांची केली. भांडी कोणती ठेवावीत यावर आम्ही चौघींनी खूप खल केला. स्टीलचे एकही नको, पितळेचे एकच, बाकी मातीची, असे ठरले. कार्यक्रमानंतर सगळ्यांनी जिजाई झालेल्या ताईंचे कौतुक केले आणि ते योग्यच होते. चुलीविषयी कोणी काही बोलले नाही. चूल चुलीसारखी दिसली, म्हणूनच कोणाचे तिकडे लक्ष गेले नाही. रोजच्या घरातही असेच आहे. भाजीत मीठ नसले की सगळे बोलतात, बरोबर असले की जेवून उठतात.

साहेबमामांचे सारे आयुष्य असे मीठ बरोबर घालण्यात गेले. लोक पागनिसांना तुकोबा म्हणून नमस्कार करीत, शांता आपट्यांची गाणी म्हणत, आणि ज्यांच्या दारातून ही पात्रे आत आली त्यांना फार थोडे ओळखत. पुढच्या वेळी तो सिनेमा लावाल तेव्हा सुरुवातीची पाटी घाईने पुढे सरकवू नका. तेथे फत्तेलाल हे नाव आहे. ते वाचा, मुलांना वाचून दाखवा, आणि मग तुकोबांच्या घरात शिरा.

संतांची घरे आपल्यासाठी उभी करणाऱ्या या थोर कारागिराला मंडळाच्या सर्व भगिनींच्या वतीने माझे विनम्र अभिवादन.